ओव्हन, घरगुती विद्युत्

अन्नपदार्थ बंद पोकळीत चोहोबाजूंनी येणाऱ्या कोरड्या उष्णतेने भाजण्यासाठी वापरण्यात येणारी, विजेवर तापणारी व स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणारी छोटी भट्टी. ओव्हन, टोस्टर व ग्रिलर या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून भारतात तिला सामान्यतः ‘ओटीजी’ असे म्हणतात. केक व बिस्किटे भाजणे, पावाचे काप खरपूस करणे आणि भाज्या, पनीर, मांस इ. पदार्थ वरून येणाऱ्या तीव्र उष्णतेने भाजणे ही तिची तीन प्रमुख कामे होत. पोकळीतील गरम हवा खेळती ठेवण्यासाठी ज्या ओव्हनात पंखा बसविलेला असतो, त्यास कन्व्हेक्शन ओव्हन म्हणतात.

यूरोप व अमेरिका येथील घरांत गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीखालीच मोठा ओव्हन जोडलेला असतो. त्यामुळे तेथे ओट्यावरचा छोटा ओव्हन हे दुय्यम व पूरक साधन ठरते. भारतीय घरांतील दोन ते चार बर्नरची शेगडी ओट्यावर ठेवलेली असते आणि तिच्याखाली ओव्हन नसतो. परिणामी महाराष्ट्रात ओटीजी घेणाऱ्या अनेक कुटुंबांत तोच घरातील पहिला ओव्हन असतो. मोठ्या ओव्हनासाठी लिहिलेल्या कृती त्यात जशाच्या तशा केल्यास त्या अनेकदा फसतात. हा दोष यंत्रात क्वचितच असतो. लहान पोकळीतील उष्णता कशी वागते आणि घरातील वीजजोडणी किती भार पेलते यांविषयीच्या अपुऱ्या माहितीमुळे तो बहुधा उद्भवतो.

पूर्वपीठिका : मराठी स्वयंपाकातील उष्णता मुख्यतः खालून येणारी आहे. चूल, शेगडी व स्टोव्ह या सर्वांवर भांडे वा तवा खालून तापतो. तथापि पदार्थ वरून व खालून एकाच वेळी भाजण्याची कल्पना येथे अपरिचित नव्हती. कोकणात काकडी, तांदळाचा रवा व गूळ यांपासून होणारे धोंडस आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात रूढ असलेले कोबीचे वा कोलंबीचे भानोळे हे पदार्थ जाड बुडाच्या भांड्यात घालून, खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजीत असत. रायगड जिल्ह्यातील पोपटी हाही बंद उष्णतेचाच प्रकार होय. तीत वालाच्या शेंगा व इतर जिन्नस भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून ते मडके जाळात ठेवतात व पाण्यावाचून शिजवितात. गोव्यातील बिबिंक या गोड पदार्थाचे थर वरून दिलेल्या निखाऱ्यांच्या आचेवर एकेक करून भाजले जात.

खऱ्या अर्थाने ओव्हन म्हणता येईल अशी भट्टी मात्र घराबाहेर, पाववाल्याकडे असे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पाव भाजणारे पोदेर व त्यांच्या घुमटाकार भट्ट्या प्रचारात आल्या. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आला आहे. पुण्यात लष्कर भागातील इराणी बेकऱ्यांनी ही परंपरा चालविली. १९५५ मध्ये सुरू झालेली ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील शहरांत नानकटाईचे पीठ घरी मळून, गोळे पत्र्याच्या ताटांत मांडून ते बेकरीत भाजून आणण्याची पद्धत दीर्घकाळ होती. केकसाठी प्रेशर कुकरच्या किंवा पातेल्याच्या तळाशी वाळू पसरून, शिटी व रबरी कडे काढून घेऊन, त्यात साचा ठेवीत असत. यानंतर ॲल्युमिनियमचा गोल, झाकणात तापक तार असलेला विजेचा ओव्हन मध्यमवर्गीय घरांत आला. त्याला तापमान ठरविण्याची सोय बहुधा नसे व किती वेळ लागला हे अनुभवानेच कळे. ओटीजीने यात दोन गोष्टींची भर घातली : इच्छित तापमान राखणारा नियंत्रक आणि वर-खालच्या तापक नळ्या वेगवेगळ्या चालविण्याची सोय.

तांत्रिक इतिहास : विजेने तापणाऱ्या घरगुती साधनांचा विकास योग्य तारेवर अवलंबून होता. निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू नायक्रोम हिचे पेटंट अमेरिकन धातुवैज्ञानिक ॲल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. या मिश्रधातूचा विद्युत् रोध जास्त असतो आणि लालभडक तापल्यावर तिच्या पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा घट्ट थर बनून पुढील गंज थांबतो. त्यामुळे तार वर्षानुवर्षे टिकते. टोस्टर, इस्तरी व ओव्हन यांचा प्रसार या शोधामुळे शक्य झाला.

गरम हवा पंख्याने फिरविण्याची कल्पना विल्यम मॅक्सन या अमेरिकन संशोधकाने १९४५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. विमानातून दूरचा प्रवास करणाऱ्या सैनिकांना गोठविलेले तयार जेवण थोड्या वेळात गरम करून देता यावे, हा तिचा हेतू होता. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५६ मध्ये टोस्टर व ओव्हन एकत्र असलेले ओट्यावरचे साधन बाजारात आणले. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने सादर केलेला एअर फ्रायर हा तत्त्वतः लहान पोकळीचा व जोरदार पंख्याचा कन्व्हेक्शन ओव्हनच आहे. त्यात पदार्थ तळला जात नाही, तर वेगवान गरम हवेने भाजला जातो.

हिंजवडी परिसरातील प्रसार : पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात असलेले हिंजवडी हे मूळचे शेतीप्रधान गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारण्यास प्रारंभ केला. माहिती तंत्रज्ञानातील कंपन्या तेथे येत गेल्या, तसतशी माण, मारुंजी, वाकड या भागांत गृहसंकुलांची दाटी झाली. येथील रहिवाशांत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून व इतर राज्यांतून आलेले तरुण नोकरदार, भाड्याच्या सदनिकांत राहणारी लहान कुटुंबे आणि कामानिमित्त परदेशी काही वर्षे काढून परतलेली कुटुंबे यांचा मोठा भरणा आहे. २०२० मधील टाळेबंदीत कार्यालयांचे काम घरून होऊ लागले, तेव्हा घरी पाव व केक करण्याची आवड अन्य ठिकाणांप्रमाणे येथेही वाढली.

अशा वस्तीत ओटीजीला काही विशेष कारणे अनुकूल ठरतात. तो भिंतीत बसवावा लागत नाही. घर बदलताना तो उचलून नेता येतो. बदली झाल्यास विकता येतो. मात्र याच परिस्थितीतून काही अडचणीही उद्भवतात. भाड्याच्या घरातील वीजजोडणी भाडेकरूने केलेली नसते व ती बदलण्याचा अधिकारही त्याला बहुधा नसतो. परदेशातून आलेल्या कुटुंबाच्या पाककृती फॅरनहाइट अंशांत व मोठ्या साच्यांच्या मापात असतात. क्वचित ओव्हनही तिकडचाच आणलेला असतो. या तिन्ही बाबींचा विचार पुढे केला आहे.

रचना : ओटीजीची पेटी पोलादी पत्र्याची व दुहेरी भिंतीची असते. दोन भिंतींमधील हवा काही अंशी उष्णतारोधक म्हणून काम करते. तथापि मोठ्या ओव्हनाप्रमाणे तीत काचलोकरीचे जाड आवरण बहुधा नसल्याने बाहेरील पत्रा बराच तापतो. दार उष्णतोपचाराने कणखर केलेल्या काचेचे असते. घरगुती वापरासाठी सु. ९ ते ६० लिटर धारणशक्तीचे व सु. ८०० ते २,००० वॉट शक्तीचे ओव्हन मिळतात. लहान कुटुंबास सु. २० ते ३० लिटरचा ओव्हन पुरतो.

पोकळीत वर व खाली तापक नळ्या असतात. त्यांतील सर्वसामान्य प्रकारात नायक्रोमची सर्पिल तार पोलादी नळीच्या मध्यभागी असून तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची पूड घट्ट दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता सहज जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. काही ओव्हनांत तार क्वॉर्ट्झ काचेच्या नळीत असते. अशी नळी लवकर तापते व लवकर निवते.

दर्शनी भागावर साधारणतः तीन चकत्या असतात. पहिलीने तापमान, दुसरीने वरची, खालची वा दोन्ही नळ्या तसेच पंखा आणि तिसरीने वेळ ठरवितात. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये द्रव भरलेला बारीक फुगा वा दोन धातूंची जोडपट्टी असते. तापमान वाढल्यावर द्रव प्रसरण पावतो किंवा पट्टी वाकते व विजेचे मंडल खंडित होते. तापमान उतरले की ते पुन्हा जोडले जाते. चालू ओव्हनातील दिवा मधूनमधून विझतो वा तापक नळ्यांची लाली जाते, ती यामुळेच. तो बिघाड नव्हे.

उष्णतेचे कार्य : ओव्हनातील पदार्थास उष्णता तीन मार्गांनी मिळते. तापलेल्या पत्र्याच्या वा साच्याच्या स्पर्शाने मिळणारी उष्णता वहनाने, हलत्या गरम हवेतून मिळणारी अभिसरणाने आणि लाल तापलेल्या नळ्यांतून व भिंतींतून किरणरूपाने मिळणारी प्रारणाने येते. मोठ्या ओव्हनात नळ्या पदार्थापासून दूर असतात. ओटीजीत त्या काही सेंमी. अंतरावरच असल्याने प्रारणाचा वाटा फार मोठा असतो. केक वरून करपतो व आत कच्चा राहतो, याचे हे प्रमुख कारण होय. साचा खालच्या कप्प्यात ठेवणे, फुगलेला केक वरच्या नळीपासून पुरेसा दूर राहील इतकाच उंच साचा घेणे आणि वरचा रंग आल्यावर वरची नळी बंद करणे किंवा साचा ॲल्युमिनियमच्या कागदाने सैलसर झाकणे हे त्यावरील उपाय आहेत.

हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. थंड पदार्थालगत गार व ओलसर हवेचा पातळ थर साचून राहतो आणि उष्णता आत शिरण्यास अडथळा करतो. पंखा हा थर विरळ करतो. त्यामुळे त्याच तापमानाला पदार्थ लवकर भाजला जातो, त्याच्या पृष्ठावरील पाणी लवकर उडते व पोकळीतील गरम-थंड जागांमधील तफावतही कमी होते. पंखा चालविताना कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा १५° ते २०° से. कमी ठेवण्याचा प्रघात आहे. बिस्किटे, शेंगदाणे, बटाट्याच्या फोडी अशा कोरड्या व खुसखुशीत पदार्थांना पंखा उपयोगी पडतो. सैल पिठाचा हलका केक किंवा कॅरॅमल कस्टर्ड यांसारख्या पदार्थांवर वाऱ्याने साय धरते वा पृष्ठ एका बाजूस कलते. अशा पदार्थांसाठी पंखा बंद ठेवणे श्रेयस्कर असते.

पदार्थाच्या पृष्ठावर पाणी आहे तोवर तेथील तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसे वर जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी सु. ९८° से. ला उकळते. पृष्ठ कोरडे झाल्यावर तापमान चढते आणि सु. १४०° से. च्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्यातील विक्रिया वेगाने होऊन तपकिरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ल्वी कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले म्हणून तिला मायार विक्रिया म्हणतात. रंग फार गडद होऊ देणे मात्र हितावह नाही. पिष्टमय पदार्थ १२०° से. पेक्षा जास्त तापमानाला भाजल्यास त्यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्यास अपायकारक मानले जाणारे संयुग तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. पाव व बटाटे सोनेरी रंगावर काढणे योग्य असते.

तापमान व मापे : चकतीवरील आकडा व पोकळीतील प्रत्यक्ष तापमान यांत १०° ते २०° से. चा फरक असणे नेहमीचे आहे. थर्मोस्टॅटचा संवेदक भिंतीजवळ असतो व पदार्थ मध्यभागी असतो. शिवाय नळ्या चालू-बंद होताना लहान पोकळीतील तापमान वर-खाली होत राहते. ओव्हनात ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक हा यावर खात्रीचा उपाय होय. तो नसल्यास साखरेने ढोबळ परीक्षा करता येते. साखर सु. १८६° से. ला वितळते. चांगल्या तापलेल्या ओव्हनात चमचाभर साखर लहान वाटीत घालून पंधरा मिनिटे ठेवावी. चकती १७५° वर असता ती वितळली, तर ओव्हन जास्त तापतो. चकती १९५° वर असताही ती कोरडीच राहिली, तर तो कमी तापतो.

अमेरिकन कृतींत सर्वत्र आढळणारे ३५०° फॅ. म्हणजे सु. १७७° से. व ४००° फॅ. म्हणजे सु. २०४° से. होत. त्या कृतींतील २३ × ३३ सेंमी. चा नेहमीचा साचा २० लिटरच्या अनेक ओव्हनांत मावत नाही. त्याऐवजी २० सेंमी. चा चौरस साचा घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ निम्म्याहून किंचित जास्त भरते. म्हणून जिन्नस निम्मे घ्यावे लागतात. साचा पोकळीच्या भिंतींना टेकू देऊ नये. सर्व बाजूंनी निदान दोन-तीन सेंमी. मोकळी जागा नसल्यास हवा फिरत नाही व पंखा असूनही नसल्यासारखा होतो.

ओव्हन आधी दहा ते पंधरा मिनिटे रिकामा तापवून घेणे आवश्यक असते. केकमधील खाण्याच्या सोड्याचा वा बेकिंग पावडरचा वायू पीठ ओले होताच सुटू लागतो. ओव्हन थंड असल्यास तो वायू पीठ घट्ट होण्यापूर्वीच निसटतो व केक बसतो. दार वारंवार उघडल्यासही हाच परिणाम होतो, कारण छोट्या पोकळीतील गरम हवा क्षणात बाहेर पडते.

मराठी पदार्थांसाठी उपयोग : नानकटाई हा ओटीजीत सर्वांत सहज साधणारा पदार्थ होय. तिच्या पिठात पाणी नसल्याने ती मंद आचेवर, सु. १६०° ते १७०° से. ला, पृष्ठ फारसे लाल न होता भाजली जाते. ओव्हनातून काढताना ती मऊ असते व निवल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून जास्त वेळ ठेवल्यास ती कडक होते. भानोळे व धोंडस यांना झाकणावरील निखाऱ्यांऐवजी वर-खालच्या नळ्यांची उष्णता मिळते. चिवड्याचे पातळ पोहे पावसाळ्यात उन्हाअभावी सादळतात. ते पसरट ताटात, पंखा चालू ठेवून, सु. १००° से. ला काही मिनिटे ठेवल्यास कुरकुरीत होतात. शेंगदाणे व रताळीही चांगली भाजली जातात.

काही पदार्थांना मात्र हे साधन मानवत नाही. पोळी व भाकरी यांना तापलेल्या तव्याच्या स्पर्शाने अत्यंत थोड्या वेळात मिळणारी तीव्र उष्णता लागते. त्या उष्णतेने आतील पाण्याची वाफ होऊन पापुद्रा फुगतो. ओव्हनातील संथ उष्णतेने ती न फुगताच वाळते. भरताचे वांगे ओव्हनात आतपर्यंत मऊ होते, पण जाळावर साल करपून येणारा धुरकट स्वाद त्यास येत नाही. वांगे टोचून ठेवणे जरूर असते. अन्यथा आतील वाफेने ते फुटते.

मायक्रोवेव्ह ओव्हनाशी ओटीजीची गल्लत करू नये. मायक्रोवेव्ह ओव्हनात सूक्ष्मतरंगांनी मुख्यतः पदार्थातील पाणी तापते. तो शिळे अन्न गरम करण्यास सोयीचा असतो, पण केवळ सूक्ष्मतरंगांवर पदार्थास कवच व रंग येत नाही. धातूचा साचा ओटीजीत चालतो, प्लॅस्टिकचे भांडे मात्र त्यात वितळते. मायक्रोवेव्ह ओव्हनाची सवय असलेल्यांकडून ही चूक विशेषतः होते.

विद्युत् जोडणी : भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व सेकंदास ५० आवर्तनांचा असतो. शक्तीस दाबाने भागल्यास प्रवाह मिळतो. यावरून १,५०० वॉटचा ओव्हन सु. ६·५ अँपिअर व २,००० वॉटचा ओव्हन सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेतो. घरातील पंखे, दिवे व भ्रमणध्वनी यांसाठीची छोटी खोबण ६ अँपिअरची असते. मोठी खोबण १६ अँपिअरची असून तिची तार जाड असते. म्हणून ओव्हन १६ अँपिअरच्या खोबणीतच लावणे आवश्यक असते. त्याची मोठी खुंटी जोडपट्टीच्या आधाराने छोट्या खोबणीत बसविणे किंवा बारीक तारेच्या जोडफळीवर ओव्हन चालविणे धोक्याचे असते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार भिंतीत वा कपाटामागे तापत राहिल्यास तिचे आवरण वितळून आग लागू शकते व ती वेळीच दिसत नाही.

भाड्याच्या सदनिकेत ओट्यालगत १६ अँपिअरच्या एक-दोनच खोबणी असतात व त्यांवर मिक्सर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र व मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा आधीच हक्क असतो. अशा वेळी एका खोबणीवर दोन तापक साधने एकाच वेळी न चालविणे हा नियम पाळावा लागतो. जादा खोबण घरमालकाच्या संमतीने परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घेणे हितावह असते. वीज गेल्यावर चालणारे घरगुती इन्व्हर्टर हा भार बहुधा पेलू शकत नाहीत. संकुलाच्या जनित्रावरून प्रत्येक सदनिकेस मिळणारी वीजही अनेकदा मर्यादित असते. त्यामुळे वीज पुन्हा येईपर्यंत ओव्हनाचे दार न उघडणे एवढेच हाती राहते.

अमेरिकेतील घरगुती पुरवठा १२० व्होल्ट दाबाचा व सेकंदास ६० आवर्तनांचा आहे. तेथून आणलेला ओव्हन भारतातील खोबणीत थेट लावल्यास तापक तारेची शक्ती दाबांच्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे सु. ३·७ पट होते. १,५०० वॉटचा ओव्हन क्षणभर सु. ५,५०० वॉट खेचतो व तार जळते किंवा आग लागते. केवळ खुंटीचा आकार बदलून देणाऱ्या जोडणीने दाब बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दाब उतरविणारा योग्य क्षमतेचा रोहित्र वापरता येतो, पण तो जड व महाग असतो. शिवाय ६० आवर्तनांवर चालणारे समकालिक चलित्राचे घड्याळ ओव्हनात असल्यास ते येथे पाच-षष्ठांश वेगाने चालते आणि ६० मिनिटांची खूण प्रत्यक्षात ७२ मिनिटांनी येते. या सर्वांपेक्षा येथील दाबाचा नवा ओव्हन घेणे स्वस्त व निर्धोक ठरते.

विजेचा खर्च काढणे सोपे आहे. १,५०० वॉटचा ओव्हन ४५ मिनिटे अखंड चालल्यास सु. १·१ युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट मधून मधून प्रवाह तोडत असल्याने प्रत्यक्ष खर्च याहून कमी येतो. ओव्हन एकदा तापल्यावर एकामागून एक दोन-तीन पदार्थ भाजून घेतल्यास आणखी बचत होते.

निगा व सुरक्षितता : नवा ओव्हन प्रथम रिकामाच दहा-पंधरा मिनिटे, खिडक्या उघड्या ठेवून चालवितात. त्यामुळे नळ्यांवरील संरक्षक तेल जळून जाते व त्याचा धूर पदार्थास लागत नाही. ओव्हनाच्या मागे, वर व दोन्ही बाजूंस निदान १० सेंमी. मोकळी जागा ठेवावी लागते. लाकडी कपाटाच्या फळीखाली, पडद्याजवळ वा गॅसच्या शेगडीलगत तो ठेवू नये. खालच्या ताटलीत पडलेला चुरा व चरबी दर वेळी काढून टाकावी, कारण आगीचे ते नेहमीचे कारण असते. तळाशी ॲल्युमिनियमचा कागद अंथरल्यास उष्णता अडते व नळी प्रमाणाबाहेर तापते. गरम काचेवर पाणी शिंपडू नये. आत जाळ दिसल्यास वीज बंद करून दार मिटलेलेच ठेवावे. हवा न मिळाल्याने जाळ बहुधा विझतो. दार उघडणे वा पाणी ओतणे धोक्याचे असते. आग आटोक्यात येत नसल्यास १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे.

पावसाळ्यात एक विशेष अडचण येते. तापक नळीतील मॅग्नेशियम ऑक्साइडाची पूड हवेतील ओलावा शोषते. दोन-तीन महिने न वापरलेला ओव्हन जुलै-ऑगस्टमध्ये सुरू केल्यास नळीतून पत्र्याकडे अल्प प्रवाह झिरपतो आणि घरातील गळती ओळखणारा स्वयंचलित खटका पडतो. ओव्हन बिघडला असे समजून तो टाकून देणे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, खटकाच काढून टाकणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत. महिन्यातून एकदा ओव्हन अल्पकाळ तापवीत गेल्यास नळ्या कोरड्या राहतात. एकदा पडू लागलेला खटका वारंवार पडत राहिल्यास मात्र ओव्हन जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. तोवर त्याचा वापर करू नये. जुना ओव्हन विकत घेणाऱ्याने आवरणाला भूसंपर्क नीट आहे की नाही, दाराचे स्प्रिंग घट्ट आहेत की नाहीत आणि नळ्यांना तडे वा फुगवटे आहेत काय, हे पाहून घेणे जरूर असते.

घरी केलेले पदार्थ विकावयाचे झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. निरुपयोगी झालेला ओव्हन घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशी साधने अधिकृत संकलकाकडे सोपविणे अपेक्षित आहे. सु. दहा वर्षे नीट वापरलेल्या ओव्हनात प्रथम थर्मोस्टॅट, घड्याळ वा नळी निकामी होते. हे तिन्ही भाग बहुधा बदलता येतात व पेटी पुढेही उपयोगी पडते.